टोकियोची रात्र आणि मैलूरची दिवेलागण

माझं माहेर भालकी, सासर मैलूर. माहेरी मराठी, सासरी कानडी. भाषा बदलली, पण एक वाक्य दोन्ही घरांत सारखंच ऐकलं. भालकीला आई म्हणायची, "दिवेलागणीच्या आत उंबऱ्याच्या आत." मैलूरला सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, म्हणाल्या, "कत्तलाग्यद, होरग होगब्याड." अंधार पडलाय, बाहेर जाऊ नको. लग्नाला आता बावीस वर्षं झाली. कॉलेजात शिकवते, वर्गातल्या साठ-सत्तर मुलांना एका नजरेत गप्प बसवते. पण घड्याळात सात वाजले की आजही पाय आपोआप घराकडे वळतात. कुणी धाक घालावा लागत नाही.

अशी मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, टोकियोच्या एका रस्त्यानं रात्री साडेबारा वाजता एकटी दूध आणायला गेले. त्याची ही हकिकत.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान दोघंही संगणकाच्या क्षेत्रातले. गेली नऊ वर्षं ती टोकियोत, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात राहतात. या भागात आपल्या लोकांची वस्ती वाढली ती २००० सालाच्या आसपास. संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरायला भारतातून कितीतरी इंजिनिअर तिकडे गेले. मध्य टोकियोतल्या कचेऱ्यांना इथून तोझाई लाईनची थेट रेल्वे, म्हणून ते इथंच टिकले. याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. टोकियो मराठी मंडळाचा गणपती बसतो, तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो. धाकटी कित्येक वर्षं म्हणत होती, "अक्का, एकदा ये." शेवटी २०२५ च्या मे महिन्यात, परीक्षेची कामं उरकल्यावर, तीन आठवड्यांसाठी मी गेले. हैदराबादहून निघून, वाटेत एक विमान बदलून.

पहिलीच रात्र. मेहुण्यांनी भाच्याला झोपवलं. साडेअकरा वाजले तरी धाकटीचा पत्ता नाही. मी सहाव्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले. भालकीला आई ओट्यावर उभी राहायची, अगदी तशीच, एक हात कठड्यावर आणि नजर रस्त्याच्या वळणावर. बाराला दहा मिनिटं असताना वळणावर ती दिसली. पाठीला पिशवी, कानात गाणी, चालण्यात घाई नाही. मागंपुढं कुणी आहे का, हे तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

दार उघडताच मी म्हटलं, "एवढ्या उशिरा? एकटी?"

ती हसून म्हणाली, "अक्का, आज तर लवकर आले."

तिच्या त्या उत्तरात दोन गोष्टी होत्या. भीती नव्हती, ही एक. दुसरी मला नंतर कळली. तिकडे रात्र कंपनीच्या मालकीचीही असते. जास्तीचं काम किती करून घ्यावं याला कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर २०१९ च्या एप्रिलपासून मर्यादा आली, एरवी महिन्याला ४५ तासांची. तरी रात्री अकराच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, आणि जे बसलेले असतात ते झोपलेले असतात.

"तू आलीयस तर तुला इथली रात्र दाखवते," धाकटी म्हणाली. मला वाटलं, रात्र काय दाखवायची? देवळं दाखव, बाग दाखव. पण तिनं ऐकलं नाही.

पहिल्यांदा शिबुयाला गेलो. स्टेशनाबाहेर तो जगभर फोटोंत दिसणारा चौक. सगळ्या बाजूंची वाहनं एकदम थांबतात आणि माणसं आडवी, उभी, तिरकी, कशीही रस्ता ओलांडतात. गर्दीच्या वेळी एका सिग्नलला तीन हजारांपर्यंत माणसं ओलांडतात म्हणे. धक्का मात्र कुणाचा कुणाला लागत नाही. तिथंच हाचिको या कुत्र्याचा पुतळा आहे. मालक वारल्यावरही तो वर्षानुवर्षं स्टेशनावर त्यांची वाट पाहत यायचा. १९३५ साली तो गेला, पुतळा त्याआधीच, १९३४ मध्ये उभा राहिला होता. मला त्या पुतळ्याजवळ गॅलरीतली मी आठवले आणि हसू आलं. सगळं बेबंद आहे असंही समजू नका. स्टेशनाच्या आसपास रस्त्यावर उभं राहून दारू पिण्यास २०२४ च्या ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच बंदी आहे, वर्षभर. तसे फलकही लागले होते.

खरी फेरी झाली ती शुक्रवारी, शिंजुकूला. सोबत धाकटीच्या कचेरीतली एक जपानी मैत्रीण होती, पन्नाशीची. शिंजुकू स्टेशनातून रोज लाखो माणसं जा-ये करतात. बाहेर पडायला दोनशेच्या वर वाटा. मी धाकटीची ओढणी धरूनच चालत होते. तिनं ओढणी माझ्यासाठीच घातली असावी.

स्टेशनाच्या पश्चिमेला ओमोइदे योकोचो नावाची बोळ आहे. नावाचा अर्थ आठवणींची गल्ली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथं काळा बाजार भरायचा, त्यातून ही इवलीशी खाणावळ-दुकानं उभी राहिली. १९९९ मध्ये आग लागून बराच भाग जळाला, पुन्हा तसाच बांधला. दुकान म्हणजे काय, आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी फळी, समोर कोळशावर भाजणाऱ्या कोंबडीच्या सळया, आणि धूर. बिदरच्या जुन्या गावात संध्याकाळी शिगकबाबच्या गाड्यांवरून असाच धूर निघतो. आम्ही शाकाहारी लोक तिथून नाकाला पदर लावून जातो. इथं मात्र त्या धुरातच बसायचं होतं.

अशा दुकानांना इझाकाया म्हणतात. दारावर लाल कागदी कंदील. बसल्याबरोबर हात पुसायला ओला टॉवेल येतो आणि न मागवता एक लहानशी वाटी येते. तिला ओतोशी म्हणतात. ती खा वा न खा, तिचे पैसे बिलात लागतात, जागेचं भाडंच समजा. माझ्या वाटीत मासळीच्या पाण्यात शिजवलेलं काहीतरी होतं, ते मी धाकटीकडे सरकवलं. मग आल्या एदामामे. सोयाबीनच्या हिरव्या कोवळ्या शेंगा, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. आपल्याकडे तुरीच्या शेंगा उकडतात ना, तशाच दाताखाली धरून दाणे ओढून खायच्या. मला नवल वाटलं. आमच्या बिदर जिल्ह्यात खरिपाला एवढं सोयाबीन पिकतं, पण त्याची शेंग उकडून कुणी खाल्लेली मी कधी पाहिली नाही. सगळं वाळवून अडतीवर. जपानी बाईंनी बिअरचा पेला उचलला, मी थंड ऊलाँग चहाचा. "काम्पाइ" म्हणून पेल्याला पेला लावला. त्यांना माझ्या चहाचं काही वाटलं नाही आणि मला त्यांच्या बिअरचं. हे दुसरं मी मैलूरहून निघताना कबूल केलं नसतं.

माझी नजर समोर गेली. फळीच्या टोकाला सत्तरीच्या एक आजी एकट्याच बसल्या होत्या. समोर लहान पेला, हातात पुस्तक. अधूनमधून दुकानदाराशी दोन शब्द बोलायच्या, पुन्हा वाचायच्या. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं, मी सोडून. आमच्याकडे बाई हॉटेलात एकटी चहा प्यायली तरी फॅमिली रूमचा पडदा ओढून घेतात.

तिथून चालत काबुकिचोला. काबुकी नाटकाचं थिएटर इथं बांधायचं म्हणून १९४८ मध्ये या भागाला हे नाव दिलं. थिएटर झालंच नाही, नाव राहिलं. आता हा टोकियोतला सगळ्यात झगमगता भाग. लाल कमान, एका इमारतीवरून डोकावणारं गॉडझिला राक्षसाचं डोकं, आणि दिवे असे की सावली पडत नाही. पण इथं धाकटीनं माझा दंड घट्ट धरला. रस्त्यात गिऱ्हाईक ओढणारे दलाल उभे असतात. त्यांच्या मागं जाऊ नका, लुबाडले जाल, अशी सूचना लाउडस्पीकरवरून सारखी देतात. भिंतींवर देखण्या, नटव्या पोरांचे मोठमोठे फोटो. ती होस्ट क्लबची पोरं. तिथं बायका पैसे देऊन गोड बोलणं विकत घेतात. कित्येक मुली प्रेमाच्या भ्रमात कर्जात बुडतात आणि ते फेडायला नको त्या मार्गाला लागतात. मी परत आल्यावर, २०२५ च्या जूनअखेरीस, अशा प्रेमाच्या जाळ्यात ओढून पैसे उकळण्यावर बंदी घालणारा सुधारित कायदा तिकडे लागू झाला. म्हणजे दिवे भरपूर आहेत म्हणून सगळं उजेडात आहे, असं तिथंही नाही.

जपानी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लिहायला हवी. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये फोटो काढताना होणारा आवाज सहसा बंद करता येत नाही. कारण गर्दीत चोरून बायकांचे फोटो काढणारे लोक. रेल्वेत अंगचटीला येणारे लोकही आहेत. म्हणूनच २००१ साली टोकियोच्या केइओ लाईनवर रात्री उशिराच्या गाड्यांना बायकांचा वेगळा डबा जोडला गेला. त्या म्हणाल्या, "आमचं गाव सुरक्षित आहे असं पुरुष जास्त सांगतात." धाकटीनं ते मराठीत सांगितलं आणि आम्ही तिघीही हसलो. पण हसू लवकर ओसरलं.

शेवटी गोल्डन गाय. सहा अरुंद बोळ आणि त्यांत दोनशेच्या वर बार. एकेक बार आपल्या देवघरापेक्षा जरासा मोठा, पाच-सात खुर्च्या, वरच्या मजल्याला शिडीसारखा जिना. लेखक, नाटकवाले, सिनेमावाले इथं बसत आले आहेत. काही दारांवर लिहिलेलं असतं, फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी. काहींवर बसण्याचे किती पैसे ते लिहिलेलं असतं. १९८० च्या दशकात जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हा ही जागा रिकामी व्हावी म्हणून गुंडांनी इथं आगी लावल्या, आणि इथल्या चाहत्यांनी पाळ्या लावून रात्रभर पहारा दिला, असं सांगतात. बार वाचवण्यासाठी लोकांनी रात्र जागवली, याचं मला त्या वेळी हसू आलं होतं. नंतर आलं नाही.

आम्ही गेलो तो बार एक वयस्क बाई चालवत होत्या. अशा बाईंना तिकडे 'मामा' म्हणतात. म्हणजे आई. मी धाकटीला म्हटलं, "आपल्या मामांना सांगू नको, ते रुसतील." मामाबाईंना हे समजावून सांगेपर्यंत पाच मिनिटं गेली, मग त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मला त्यांनी गरम चहा दिला. मागच्या फळीवर गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या होत्या. आज उरलेली बाटली पुढच्या खेपेला त्याचीच. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या गावात बायका रात्री कुठं जातात?"

धाकटीनं प्रश्न मराठीत सांगितला. मी उत्तर शोधू लागले. दवाखान्यात. मयताच्या घरी. बस उशिरा आली तर स्टँडवर. हे काय सांगायचं? मग एकदम सुचलं, "जत्रेला."

आणि ते खरंच होतं. आम्ही दोघी बहिणी लहान असताना चंपाषष्ठीच्या दिवसांत आई आम्हाला भालकीजवळच्या मैलारला, मैलार मल्लण्णाच्या जत्रेला न्यायची. मराठी माणसांचा तो खंडोबा, कानडी माणसांचा मल्लण्णा. भंडारा एकच, आणि आपण 'येळकोट' म्हणतो तेही कानडीतलं 'एळु कोटि', सात कोटी. रात्रभर गोंधळ, डफ, वाघ्या-मुरळी, मिरची भजी, चुरमुऱ्यांचे ढीग. बायका लेकरांना मांडीवर घेऊन उघड्यावर बसलेल्या. आई एकटी रात्री दोन वाजता आम्हाला घेऊन पाण्याला जायची. तिला कधी भीती वाटलेली मला आठवत नाही. तीच आई, जी भालकीत सातनंतर समोरच्या दुकानात जाऊ द्यायची नाही.

धाकटीनं हे सगळं जपानीत सांगितलं. मामाबाईंनी मान डोलावली. मग विचारलं, "आणि उरलेल्या रात्री?"

मला उत्तर आलं नाही.

बारा वाजत आले तशी स्टेशनाकडे पळापळ सुरू झाली. टोकियोत रात्रभर गाड्या चालतात असं मला वाटायचं. तसं नाही. साडेबारा-एकच्या सुमाराला त्या थांबतात, पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी फार महाग. मग लोक कराओकेच्या खोल्यांत गात बसतात, कॉमिक पुस्तकांच्या कॅफेत झोपतात, नाहीतर कॅप्सूल हॉटेलात, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यात. असं पहिलं हॉटेल १९७९ मध्ये ओसाकाला निघालं. आम्ही ओतेमाचीला गाडी बदलून निशी-कासाईला आलो. डब्यात टाय सैल केलेले पुरुष, बूट काढलेल्या बायका, सगळे पेंगत होते. मोठ्या रात्रीचा शेवट हा असा, दमलेल्या माणसांचा.

आता दुधाची गोष्ट. पुढच्या बुधवारी मेहुणे कामासाठी परगावी होते. धाकटी बाराला आली, जेवायला बसली आणि टेबलावरच हातावर डोकं ठेवून झोपली. भाचा आत झोपलेला. सकाळसाठी फ्रिज उघडला तर दूध नाही. पहाटे साडेपाचला मला चहा लागतो, हा माझा एकमेव शौक. तिला उठवावंसं वाटेना. कोपऱ्यावरचं दुकान चोवीस तास उघडं असतं हे मला माहीत होतं. तिकडे त्याला कोन्बिनी म्हणतात. सेव्हन-इलेव्हनचं पहिलं दुकान टोकियोत १९७४ ला निघालं, चोवीस तास उघडं राहणारं १९७५ मध्ये कोरियामा गावी. आज सगळ्या कंपन्यांची मिळून अशी दुकानं देशभर पंचावन्न हजारांच्या आसपास आहेत.

मी दारात दहा मिनिटं उभी होते. चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. मग किल्ली घेतली आणि उतरले.

रस्ता स्वच्छ, दिवे लागलेले. एक मुलगी सायकलवरून गेली, मागच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. एक गृहस्थ कुत्रं फिरवत होते. पुढच्या चौकात लाल दिव्याची पोलीस चौकी. तिला कोबान म्हणतात, १८७४ पासून ही पद्धत आहे. आतला पोलीस कागदावर काहीतरी लिहीत होता. मी पावलं मोजत होते, चारशे बारा झाली. शंभरापर्यंत छाती धडधडत होती. दोनशेनंतर मी वर पाहिलं. मे महिन्याची थंडगार हवा होती. रात्री साडेबाराची हवा कशी असते, हे मला एकटीनं कधी कळलंच नव्हतं. नेहमी कुणीतरी सोबत, नेहमी घाई.

दुकानात काउंटरवर एक मुलगी होती, बावीस-तेवीसची. माझी साडी पाहून हिंदीत म्हणाली, "दीदी, इंडिया से?" ती नेपाळची. दिवसा भाषेच्या शाळेत शिकते, रात्री इथं. परदेशी विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यात ती खोलीचं भाडं भागवते. मी न राहवून विचारलं, "रात्री एकटीला भीती नाही वाटत?"

ती दुधाची पिशवी भरत म्हणाली, "डर नहीं लगता दीदी. नींद आती है."

दूध घेऊन परतताना मला मामाबाईंचा प्रश्न आठवला नाही. मला आठवली माझी एक विद्यार्थिनी. हे मी आजवर कुठं लिहिलं नाही.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजच्या अभ्यासिकेची जबाबदारी माझ्याकडे होती. अभ्यासिका सातपर्यंत उघडी असायची. एका संध्याकाळी रस्त्यावर कुणी दोन पोरांनी मुलींची छेड काढली. दुसऱ्याच दिवशी मी नियम केला, मुलींसाठी पाचपर्यंत, मुलांसाठी सातपर्यंत. मला वाटलं, मी मुलींना जपलं. बी.ए.ची एक मुलगी माझ्याकडे आली. घरी एकच खोली, सहा माणसं, टीव्ही. ती म्हणाली, "मॅडम, माझा अभ्यास पाच ते सातमध्येच होतो." मी म्हटलं, "बाळ, तुझ्या भल्यासाठीच आहे." पुढच्या सेमिस्टरला तिनं फॉर्म भरला नाही. लग्न झाल्याचं कळलं. नियमाचा आणि लग्नाचा संबंध नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पण छेड काढली पोरांनी आणि दोन तास गेले तिचे. हा हिशेब मला टोकियोच्या रस्त्यावर, हातात दुधाची पिशवी असताना, पहिल्यांदा नीट मांडता आला.

परत आल्यावर मी थोडं वाचलं. रात्री दहानंतर बाईला काम देऊ नये, असा नियम जपानमध्येही होता, नर्ससारखे काही अपवाद सोडून. तो १९९९ च्या एप्रिलमध्ये गेला. परवान्याशिवाय मध्यरात्रीनंतर नाचू देणंसुद्धा तिथं गुन्हा होता, १९४८ पासूनच्या कायद्यानं. तो बदललेला नियम २०१६ मध्ये लागू झाला. आपल्याकडे कारखान्यांत बायकांना रात्रपाळी नको असं १९४८ चा कायदा सांगत होता, कर्नाटकात ती अट २०१९ मध्ये सैल झाली. म्हणजे टोकियोची रात्रही काही देवानं आयती दिलेली नाही. दिवा, पोलीस चौकी, उघडं दुकान, शेवटची गाडी आणि झोप आवरून काउंटरवर उभी असलेली ती मुलगी, हे सगळं मिळून ती रात्र उभी आहे. मैलारच्या जत्रेतही तेच असतं. रस्ता तोच, काळोख तोच. फरक एवढाच की माणसं बाहेर असतात, भजीवाला जागा असतो. आपण माणसांना आत कोंडतो, मग रस्ता ओस पडतो, आणि ओस रस्त्याची भीती दाखवून पुन्हा आत कोंडतो.

कॉलेज सुरू झाल्यावर मी प्राचार्यांना भेटले. अभ्यासिका मुली-मुलांसाठी सारखीच, संध्याकाळी साडेसातपर्यंत. दोन शिक्षकांनी पाळीनं बसायचं, सुटताना सगळ्यांनी एकत्र ऑटो स्टँडपर्यंत चालत जायचं. "जबाबदारी कुणाची?" असं विचारलं गेलं. मी म्हटलं, "माझी." फाटकाबाहेरचा बंद पडलेला दिवा लागायला अर्ज, फोन आणि तीन महिने लागले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विनंती केली, गाडी आठपर्यंत ठेवा. तो म्हणाला, गिऱ्हाईक असेल तर दहापर्यंत ठेवतो. पहिल्या दिवशी चारच मुली थांबल्या. त्यांतल्या एकीचा भाऊ पावणेसातलाच फाटकाशी येऊन उभा राहिला. मी त्याला आत बोलावलं, वाचायला पेपर दिला. आता तो रोज येतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मुली अकरा झाल्या आहेत. फार नाहीत, पण अकरा आहेत.

ती जुनी विद्यार्थिनी कुठं असते, मला ठाऊक नाही. भेटली तर तिला काय म्हणायचं, हेही अजून ठरलेलं नाही. तिचे दोन तास मला परत देता येणार नाहीत.

माझी पाळी मंगळवारची आणि गुरुवारची. मैलूरला घरी पोचायला सव्वाआठ होतात. पहिल्या आठवड्यात अव्वा दारात उभ्या असायच्या, कपाळाला आठ्या घालून, काही न बोलता. मीही काही बोलायची नाही. मागच्या गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी आले तर दारात कुणीच नव्हतं. ओट्यावरचा दिवा मात्र लागलेला. आतून अव्वांचा आवाज आला,

"होरगिन लाइट हच्ची इट्टीनि." बाहेरचा दिवा लावून ठेवलाय.

मी चपला काढल्या आणि आत गेले. दिवा तसाच राहू दिला. शेजारची मुलगी अजून क्लासहून यायची होती.